जिनिंगमधली फोर्कलिफ्ट : चावी फिरवायच्या आधी

मागं बसलेल्यांना आवाज येतो ना? बरं. तर हिंगणघाट घ्या, वणी घ्या, अकोट घ्या, दिवाळीनंतर कापूस यायला लागला की मार्च-एप्रिलपर्यंत आपल्या फोर्कलिफ्टला उसंत नसते, आणि कंपनीचं मेंटेनन्सचं पुस्तक चांगलं असलं तरी ते साध्या गोडाऊनच्या हिशोबानं लिहिलेलं, तिथं काही रुई उडत नाही ना भाऊ.

ही रुई पहिले रेडिएटरवर गादीसारखी बसते, गाडी गरम होते, आपण पाणी टाकतो अन् पुन्हा कामाला लागतो, जाळीकडं कोणी पाहतच नाही. त्याहून वाईट म्हणजे सायलेन्सरपाशी अडकलेली रुई, ती तापली की पेटते आणि बाजूला कापसाच्या दाबलेल्या गाठींची थप्पी. म्हणून दर शिफ्टला इंजिन थंड असताना हवा मारा, पण हवा जिकडून आत जाते त्याच्या उलट्या बाजूनं, प्रेशर कमी ठेवून, नाहीतर पत्र्याच्या बारीक फिन वाकतात. चष्मा घाला बाप्पा. स्पार्क अरेस्टर, म्हणजे सायलेन्सरमधून ठिणग्या बाहेर पडू न देणारा भाग, जागेवर आहे का, फायर सिलेंडरचा काटा हिरव्यात आहे का, तेही तेव्हाच पाहून घ्या.

आता चेन, म्हणजे माल उचलणारे पुढचे लोखंडी दांडे, ते फोर्क, वर ओढते ती. आपल्याकडं चेनीवर ग्रीस थापायची लय हौस. ग्रीस वरच राहतं, आतल्या पिनेपर्यंत जात नाही, वरून रुई चिकटते ते वेगळंच. चेन पुसा आणि ब्रशनं ऑइल लावा. मग मोजा, पण चेन ताणलेली असताना, आणि रोजच्या उचलीत जो तुकडा पुलीवरून फिरतो तोच मोजा, झिजतो तोच. नवी असताना 300 मिलिमीटर भरणारा तुकडा 309 भरला म्हणजे 3 टक्के वाढला, चेन बाद, दोन्ही बाजूच्या चेना एकदमच बदला. चेनीचा नट आवळून मास्ट, म्हणजे फोर्क ज्यावर वर-खाली होतात तो उभा सांगाडा, बरोबरीत येतो, झिजलेली चेन काही नवी होत नाही.

कोणी म्हणतं गाठ तर 170 किलोचीच, काहून एवढी काळजी? अहो, सहा गाठी धरल्या की टनाच्या वर गेलं. फोर्कची जिथं काटकोनात वळण असते ती टाच कॅलिपरनं मोजा, 40 मिलिमीटरची 36 झाली म्हणजे 10 टक्के झीज, तेवढ्यात ताकद साधारण 20 टक्क्यांनी उतरते. गावातला वेल्डर म्हणंल जोडून देतो, त्याच्या नादी लागू नका, ते लोखंड खास तापवून कडक केलेलं असते, वेल्डिंगच्या उष्णतेनं त्याचा कस जातो.

हायड्रॉलिकचा होज, म्हणजे प्रेशरच्या तेलाचा रबरी पाइप, पाझरतोय वाटलं तर बोटानं चाचपू नका, पुठ्ठा फिरवा. प्रेशरचं तेल कातडीच्या आत घुसते, बाहेरून नुसता टोचल्यासारखा ठिपका दिसते, दुखत नसलं तरी तडक दवाखाना.

ब्रेक, हॉर्न, टायर, सीटबेल्ट हे तर तुम्हाला माहीतच आहे, फक्त ऑफिसात बसून तपासणीच्या कागदावर टिका मारू नका. सर्व्हिस अवर मीटर पाहून करा, बऱ्याच डिझेल गाड्यांना 250 तासांना ऑइल बदलायला सांगतात, एअर फिल्टर मात्र आपल्या धुळीत त्याच्या कितीतरी आधी उघडून पाहा.

सीझन संपला की गाडी धुवून शेडमध्ये लावा, मास्ट पूर्ण खाली, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली, डिझेलची टाकी भरलेली, रिकाम्या टाकीला पावसाळ्यात आतून घाम सुटते आणि ते पाणी मग पंपात जाते.