२२ आणि १८ मिळून २२१८

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी सकाळी माझ्याकडे एक विद्यार्थिनी आली. निफाड तालुक्यातली, घरी कांदा आणि थोडी द्राक्षं, पदवीच्या पहिल्या वर्षाला, व्हिडिओ बघून संगणकाचं प्रोग्रामिंग शिकणारी. एसटीनं नाशिकला आलेली. दप्तरात जुना घेतलेला लॅपटॉप, पावसात भिजू नये म्हणून खताच्या पिशवीत गुंडाळलेला. खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाली, "मॅडम, व्हिडिओतल्या सरांचं उत्तर बरोबर येतं, माझंच चुकतं. मला नाही जमणार हे."

रेडिओवरून पडदा दाखवता येत नाही, म्हणून तिचा प्रोग्राम तोंडी सांगते. प्रोग्राम म्हणजे संगणकाला ओळीओळीनं दिलेल्या आज्ञा. त्या लिहायची भाषा पायथन, ओळी चार. पहिली ओळ एक आकडा विचारून ठेवून घेते, दुसरी दुसरा. तिसरी दोघांची बेरीज करते, चौथी ती छापते. व्हिडिओत दुकानातल्या दोन वस्तूंच्या किमती होत्या. हिनं तिथं घरचे आकडे घातले. आदल्या आठवड्यात त्यांच्याकडून बाजार समितीत दोन ट्रॅक्टर गेले होते, एकात २२ क्विंटल कांदा आणि दुसऱ्यात १८. उत्तर यायला हवं ४०. पडद्यावर आलं २२१८.

"एवढा कांदा आमच्या अख्ख्या शिवारात निघत नाही," ती म्हणाली.

तीन संध्याकाळी तिनं तो व्हिडिओ मागंपुढं करून पाहिला होता. कंस, अवतरणचिन्हं, मोकळ्या जागा, सगळं ताडून झालं होतं. मीही ताडून पाहिलं. एका अक्षराचा फरक नव्हता. मग मी व्हिडिओची तारीख बघितली.

पायथनची तिसरी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये आली, पण दुसरी आवृत्ती त्यानंतरही कितीतरी वर्षं लोक वापरत राहिले. तिची देखभाल थांबली ती थेट १ जानेवारी २०२० ला. हा व्हिडिओ त्या जुन्या आवृत्तीवरचा. तिच्यात 'इनपुट' ही आज्ञा, तुम्ही टाइप केलेलं गणितासारखं सोडवून हातात द्यायची. २२ टाइप केलं की २२ हा आकडाच मिळायचा. त्यात धोकाही होता, कारण आकड्याच्या जागी कुणी एखादी आज्ञा टाइप केली तर तीही चालून जायची. तिसऱ्या आवृत्तीनं हे बदललं. आता इनपुट जे देतं तो नुसता मजकूर असतो, आणि मजकुरात मजकूर मिळवला की दोन्ही एकापुढे एक चिकटतात. २२ पुढे १८. इनपुटभोवती 'इंट' लिहिलं, की त्या मजकुराचा पूर्णांक होतो आणि ४० येतात.

हे समजायला आम्हाला दहा मिनिटं लागली. आणि ती मुलगी मात्र तीन दिवस स्वतःला मठ्ठ समजत होती. मला याचंच वाईट वाटतं, श्रोतेहो. व्हिडिओत प्रोग्राम पहिल्या फटक्यात चालतो. शिकवणाऱ्याच्या हातून टाइप करताना झालेल्या चुका, त्याचं अडखळणं, मध्येच उठून शोधून आणलेलं उत्तर, सगळं कापलेलं असतं. बघणाऱ्याला वाटतं, येणाऱ्याला हे असंच येतं. प्रत्यक्षात वीस वर्षं हेच काम करणाऱ्या माणसालाही दिवसभर लाल अक्षरांतल्या एरर, म्हणजे काय चुकलं ते सांगणाऱ्या ओळी, दिसत असतात. त्या वाचणं हाच त्याच्या कामाचा मोठा भाग.

मी स्वतःही मराठीतून असे धडे रेकॉर्ड करते, आणि सुरुवातीला मीही हेच केलं. कंस विसरला की थांबायचं, ते कापायचं, पुन्हा नीट करायचं. धडे देखणे झाले. मुलं ते बघायची, "छान समजलं" म्हणायची आणि घरी जाऊन त्याच कंसापाशी अडकायची. आता मी चूक ठेवते. एरर आली की ती मोठ्यानं वाचते. पायथनमध्ये शेवटची ओळ आधी वाचायची, कारण नेमकं काय बिघडलं ते तिथं लिहिलेलं असतं. मग त्या इंग्रजी ओळीचं मराठी करून सांगते, आणि त्यानंतरच दुरुस्त करते.

व्हिडिओ किती मोठा असावा, हे मला पालकही विचारतात. संगणकशास्त्रातले संशोधक फिलिप ग्वो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या अभ्यासक्रमांत व्हिडिओ पाहिल्याच्या सुमारे ६९ लाख नोंदी तपासल्या. व्हिडिओ कितीही लांब असो, विद्यार्थी साधारण सहा मिनिटांच्या पुढे टिकत नाहीत, असं त्यांना दिसलं. लहान धडे करा, हे बरोबरच आहे. पण सहा मिनिटं डोळे पडद्यावर राहिले म्हणजे हाताला काही आलं, असं मी धरत नाही. मुंबईच्या आयआयटीतल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाची रीत मला म्हणून आवडते. साधारण दहा मिनिटांचा धडा, बरेच धडे मराठीतूनही ऐकता येतात, आणि सांगणं असं की अर्ध्या पडद्यावर धडा ठेवा, उरलेल्या अर्ध्यावर तुमचं काम. धडा थांबवा आणि तेच तुम्ही टाइप करा. पैसे लागत नाहीत. आयआयटींच्या एनपीटीईएल या ऑनलाइन उपक्रमाचे अभ्यासक्रमही फुकट शिकता येतात, परीक्षा द्यायची असेल तरच शुल्क. महागडा कोर्स घेण्याआधी घरच्यांनी एवढं जरूर बघावं.

आपल्या नाशिकला घरबसल्या शिकणं काही नवं नाही. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये इथंच सुरू झालं, आणि 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद आपल्याला पाठ आहे. पण त्या विद्यापीठानं पुस्तकं हातात देऊन माणसाला एकटं सोडलं नाही. अभ्यासकेंद्रं ठेवली, संपर्कसत्रं ठेवली. नोकरी करणारी माणसं, संसार सांभाळणाऱ्या बाया तिथं अडलेलं विचारायच्या आणि शेजारच्याचंही तेच अडलंय हे बघून सावरायच्या. व्हिडिओ कोर्सला नेमकं हे संपर्कसत्र नाही. ते आपण करू शकतो. गल्लीतली तीन मुलं, एक लॅपटॉप, रविवारचे दोन तास, वाचनालयातलं किंवा कुणाच्या ओसरीवरचं एक टेबल. शिक्षक नसला तरी चालेल. एकानं आपला प्रोग्राम दुसऱ्याला ओळीओळीनं समजावून सांगायचा, एवढंच. सांगता सांगताच निम्म्या चुका सापडतात, हे मी दर आठवड्याला बघते.

आणि पालकांनो, "आज किती व्हिडिओ झाले?" असं विचारू नका. "आज काय केलंस ते चालवून दाखव," म्हणा. तुम्हाला प्रोग्रामिंग येत नसलं तरी आकडे तुमच्या ओळखीचे असू द्या. दुधाचा हिशेब, वीजबिल, भिशी. २२१८ क्विंटल चूक आहे हे त्या मुलीला कुठल्या सरांनी सांगावं लागलं नाही, कारण कांदा तिच्या घरचा होता.

ती आता बाजार समितीच्या हिशोबपट्टीचा प्रोग्राम करते आहे. वजन, भाव, वजा हमाली, वजा तोलाई. परवा रात्री नऊला तिचा फोन आला.

"मॅडम, एरर आली. बावीस टाकले तर चालतंय, बावीस पॉइंट पंचेचाळीस टाकले की बंद पडतंय."

"शेवटची ओळ वाच."

तिनं एकेक शब्द लावत इंग्रजी ओळ वाचली. मग मराठीत म्हणाली, "इंटला हे चालत नाही म्हणतंय... पूर्णांकच पाहिजे त्याला. मॅडम, थांबा."

मी थांबले. पलीकडून कीबोर्डचा आवाज येत होता.