प्लॉट विकायच्या आधी

(दृश्य: होटगी रोड, मे महिन्यातली दुपार. धावपट्टीवर उन्हाच्या झळा.)

सोलापुरात विमान अडवलं ते चिमणीनं. झाडावरच्या नव्हे, सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या. त्या एका चिमणीपायी गावात किती वर्षं दोन तट होते! १५ जून २०२३ ला ती पाडली आणि ९ जून २०२५ ला इथून गोव्याचं विमान उडालं. एटीआर, दोन पंख्यांचं. ते डोक्यावरून गेलं की चहाच्या गाड्यावर अजून माना वर होतात. त्यात बारावीचं एखादं पोरगं असतंच, जे विमान दिसेनासं झालं तरी मान खाली घेत नाही.

घरी विषय निघाला की आधी आकडा निघतो. व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स म्हणजे सीपीएल, खर्च साधारण ५० लाखांच्या घरात. एवढ्या कर्जाला बँक तारण मागते. मग वडील विजापूर रोडच्या प्लॉटची कागदपत्रं कपाटातून काढतात. मालक, थांबा जरा. ती फाईल परत आत ठेवा आणि पोराला आधी डॉक्टरकडे न्या. डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, त्यांनी मान्यता दिलेल्या डॉक्टरकडे. आधी क्लास २, मग क्लास १ मेडिकल. चष्म्याला सहसा अडचण नसते. पण रंगीत ठिपक्यांच्या गोलात लपलेला आकडा दिसलाच नाही, तर? रंगांधळेपणा घरात कुणाच्या लक्षातही आलेला नसतो. तपासणी काही हजारांत होते, प्लॉट एकदाच विकता येतो.

बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स लागतं, हे बहुतेकांना माहीत असतं. पुढचे, लायसन्सचे पेपर कमी जणांना माहीत असतात: नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, हवाई नियम, विमानाचं तंत्र. पास व्हायला ७० टक्के. पस्तीसवर सुटायची सवय इथं कामाची नाही.

शिवाय रेडिओवर बोलायची वेगळी परीक्षा. तिची तयारी गच्चीवर, मोठ्यानं चालते. आल्फा, ब्राव्हो, चार्ली, म्हणजे ए, बी, सी. तीनला ‘ट्री’, पाचला ‘फाईफ’, नऊला ‘नायनर’. शेजारचा मित्र हसतो, "नायनर काय बे?" कारण साधं आहे. खरखरत्या रेडिओवर फाईव्ह आणि नाईन सारखेच ऐकू येतात, आणि उंचीच्या आकड्यात पाचाचे नऊ झालेले परवडत नाहीत.

हवामानाच्या पेपरात मात्र सोलापूरकराला घरचाच धडा भेटतो. आपलं गाव समुद्रसपाटीपासून जेमतेम १६०० फुटांवर. पण पारा ४२ वर गेला की हवा विरळ होते. इतकी, की विमानाच्या लेखी धावपट्टी पाच हजार फूट उंचीच्याही वर जाते. म्हणजे उन्हाळ्यात आपण थंड हवेसाठी महाबळेश्वरला जातो आणि विमान मात्र होटगी रोडवर उभ्या उभ्या महाबळेश्वरच्या वर पोहोचलेलं असतं, ते भर उन्हात! पंखांना उचल कमी, इंजिनाला जोर कमी, उडायला धाव जास्त. हे गणित न करता निघालेलं विमान धावपट्टी संपली तरी जमिनीवरच असू शकतं.

उड्डाणाचे तास लागतात २००. सलग मोजले तर आठ दिवस आणि आठ तास. ते जमवायला वर्ष, दीड वर्ष सहज जातं. पाऊस, धुकं, दुरुस्तीला गेलेलं विमान, आपला नंबर. यातले १०० तास तरी स्वतः कमांडर म्हणून. त्यात एक प्रवास ३०० नॉटिकल मैलांचा, म्हणजे साडेपाचशे किलोमीटरचा, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. रात्रीचे तास निराळे. एवढं करूनही एअरबस किंवा एटीआर चालवता येत नाही. त्या त्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे ते विमान चालवायची वेगळी परवानगी लागते आणि त्याचे पुन्हा लाखो रुपये. नोकरीचं बोलावणं येईपर्यंत घरी बसायची वेळही येते. जाहिरातीत हे लिहीत नाहीत.

(दृश्य: बारामती, सकाळ. छोटं सेस्ना विमान. पंखाखाली वाकलेली विद्यार्थिनी.)

उड्डाणाआधी ती पंखाखालच्या झडपेतून थोडं इंधन पारदर्शक कपात काढते. उजेडाकडे धरते. निळसर, नीळ घातलेल्या पाण्यासारखं. हे विमानाचं पेट्रोल, ओळखू यावं म्हणून रंगवलेलं. तळाशी बिनरंगी थेंब दिसतोय का? दिसला तर ते पाणी, कारण पाणी जड, खाली बसतं. इंजिनात गेलं तर हवेत इंजिन बंद. आज थेंब नाही. तरी ती कप पुन्हा एकदा वर धरते.

शिक्षक शेजारी बसतात. दोन फेऱ्या होतात. तिसऱ्या वेळी ते दार उघडून खाली उतरतात, पट्टा नीट बांधून ठेवतात, दार लावतात. फारसं बोलत नाहीत.

एक माणूस कमी झाला की एवढंसं विमान लवकर उचललं जातं. तिला ते जाणवतं. वळण, पुन्हा वळण, समांतर उड्डाण, उतार, चाकं टेकतात. सगळं मिळून काही मिनिटं.

संध्याकाळी ती लॉगबुक उघडते. कमांडरच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत शिक्षकांचंच नाव. आजच्या ओळीवर पेन थांबतं, मग ती लिहिते: सेल्फ.