आजोबा, हे कुणाबद्दल आहे?

अध्यक्ष महोदया, वहिनी आणि मित्रहो,

आपला मित्र गेला, त्याला आता दोन महिने होतील. मंडळाच्या वतीने शोकसंदेश लिहिण्याचे काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे आले आणि मी ते तासाभरात उरकले. पवईची पदवी, इथली अमेरिकेतली पदव्युत्तर पदवी, विमानाच्या कारखान्यातील बत्तीस वर्षांची नोकरी, मंडळाचे खजिनदारपद दोनदा, पश्चात पत्नी, मुलगा, सून. ऱ्हस्वदीर्घ तपासले आणि मराठी शाळेचा सराव व्हावा म्हणून बारा वर्षांच्या नातीला वाचायला दिले. एकेका जोडाक्षराशी झटापट करत तिने ते शेवटपर्यंत वाचले आणि विचारले, "आजोबा, हे कुणाबद्दल आहे?"

मी म्हणालो, "अगं, आपले मिस्त्रीआजोबा!"

"मग गाडी कुठे आहे?"

गाडी नव्हती. ज्या माणसाने निवृत्तीनंतरची अकरा वर्षे आणि त्याआधीचा प्रत्येक शनिवार १९३२ सालच्या फोर्डखाली उताणे पडून काढला, त्याच्याबद्दल मी दोनशे शब्द लिहिले आणि त्यात गाडी हा शब्द एकदाही आला नव्हता.

मिस्त्री हे त्याचे आडनाव नव्हते, हे इथे सर्वांना माहीत आहे. ते नाव आपण ठेवले, आणि ठेवताना त्यात कौतुक किती होते व टोमणा किती होता, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी तपासावे. मी ते नाव ठेवणाऱ्यांत पुढे होतो. त्याच्या वडिलांचा कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ होता. मुलाचे हात काळे होऊ नयेत म्हणून त्यांनी त्याला पोटाला चिमटा घेऊन शिकवले, आणि शिकलेला मुलगा सातासमुद्रापार आला तो नेमका दक्षिण कॅलिफोर्नियात, म्हणजे हात काळे करणाऱ्यांच्या पंढरीतच, येऊन पोचला.

या पंढरीची कथा त्याने मला अनेकदा सांगितली आणि मी ती दर वेळी अर्धवट ऐकली. १९३०च्या दशकात लॉस एंजेलिसच्या परिसरातील पोरे भंगारात निघालेल्या फोर्ड गाड्या घेत, मडगार्ड आणि जे जे म्हणून जड असेल ते उतरवून ठेवत, आणि मोहावीच्या वाळवंटातील म्युरॉक व एल मिराज या कोरड्या तलावांच्या सपाट तळावर नेऊन त्या पळवत. १९३७ मध्ये त्यांच्या क्लबांनी एकत्र येऊन सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली. आपल्या मंडळासारखेच ते, फक्त त्यांचे घड्याळ वेळेवर चालत असे. महायुद्धात यंत्रे दुरुस्त करण्यात तरबेज होऊन परतलेल्या तरुणांनी या वेडाला आणखी बळ दिले, आणि १९४८च्या जानेवारीत, अशा फेरफार केलेल्या गाड्यांना जे म्हणतात त्याच ‘हॉट रॉड’ नावाचे मासिकही निघाले. म्युरॉक पुढे हवाई दलाकडे गेले. आज तेथे एडवर्ड्स हा तळ आहे. आपल्या मित्राने ज्या विमानांचे सुटे भाग आखून पोट भरले, त्यांची चाचणी याच तळावर होत असे. "मी पहिल्यापासून म्युरॉकलाच कामाला आहे," असे तो म्हणायचा, आणि आम्ही हा विनोद न कळूनही हसायचो.

त्याचा जीव जडला होता तो फोर्डच्या व्ही-एट, म्हणजे इंग्रजी व्हीच्या आकारात चार-चार सिलिंडर बसवलेल्या, इंजिनावर. आठ सिलिंडर आणि त्याखालचे क्रँककेस, म्हणजे फिरत्या दांड्याचे घर, हे सगळे एका ओतकामात काढून, सामान्य माणसाला परवडेल अशा गाडीत बसवण्याची करामत फोर्डने १९३२ मध्ये केली. ताकद पासष्ट अश्वशक्ती. उद्यमनगरात शेजारच्या फौंड्रीत साचे फुटताना पाहिलेल्या मुलाला त्या ओतकामाचे मोल कळत होते; मला त्यात एक गंजका ठोकळा दिसत होता. या इंजिनाच्या झडपा ब्लॉकमध्येच असल्याने वरचे हेड पोळपाटासारखे सपाट असते, आणि जळालेला वायू ब्लॉकमधूनच बाहेर काढल्यामुळे ते चटकन तापते. "याची प्रकृती पित्ताची आहे," तो सांगायचा, "याला ताक पाजायला हवं." खंडेनवमीला तो त्या ठोकळ्याला हळदकुंकू लावायचा आणि रेडिएटरला झेंडूची माळ घालायचा. त्याच्या क्लबातील पांढऱ्या दाढीचे अमेरिकन दोस्त त्या दिवशी आवर्जून येत आणि वहिनींच्या हातचे कडाकणे खाऊन जात. आपल्यापैकी कोणी तेथे गेल्याचे मला आठवत नाही. आपण त्या दिवशी सभागृहात दांडिया करत होतो, तोही दुसऱ्या दिवशी दसरा म्हणून लवकर आटोपता घेऊन.

त्याने मला एकदा एल मिराजला नेले होते. पहाटे तीनला निघालो. तेथे गाड्या एकमेकींशी नाही, घड्याळाशी धावतात. एक जाते, धुळीचा लोट उठतो, तो बसेपर्यंत सगळे थांबतात आणि मग दुसरी जाते. मी थर्मासमधला चहा आणि बाकरवडी संपवली, नाकाला रुमाल बांधला आणि साडेआठला त्याच्या गाडीत जाऊन झोपलो. परतताना त्याने विचारले, "कसं वाटलं?" मी म्हणालो, "धूळ फार आहे." त्यानंतर त्याने मला बोलावले नाही.

आता थोडे आपल्या मंडळाविषयी बोलतो. गणेशोत्सवात मुलांसाठी एक इंजिन उघडून दाखवण्याचा प्रस्ताव त्याने दिला होता, तेव्हा मी सचिव होतो. इतिवृत्तात माझ्याच अक्षरात नोंद आहे: ‘विम्याची अडचण, पुढील बैठकीत विचार व्हावा.’ पुढील बैठकीत आपण मोदकांच्या कंत्राटावर पावणेदोन तास बोललो. मुलांसाठी करिअर मार्गदर्शनाचा परिसंवाद मात्र आपण दर वर्षी भरवतो, आणि त्यात व्यासपीठावर बसलेल्यांपैकी किती जणांना स्वतःच्या गाडीचे तेल बदलता येते, हे मी विचारणार नाही, कारण मीही तेथे तीनदा बसलो आहे.

नात मात्र त्याच्या गॅरेजात जायची. वहिनी तिला सांभाळत असत, त्यामुळे ती आयतीच तेथे होती. भिंतीवर त्याने खडूने देवनागरीत लिहिले होते: १-५-४-८-६-३-७-२. मी बरेच दिवस तो कोणाचा तरी मुंबईचा जुना फोन नंबर समजत होतो. ठिणगी कोणत्या सिलिंडरला कोणत्या क्रमाने पोचते, त्याचा तो क्रम आहे, हे मला नातीने सांगितले. तिला तो पाढ्यासारखा पाठ आहे. खरे पाढे नाहीत.

गाडी अर्धी राहिली. टप कापून बुटका केला आहे, सांगाडा तयार आहे, इंजिन मात्र उघडलेले आहे आणि त्याचा एकेक भाग श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत ठेवलेला आहे. वहिनींनी मोजले, एकसष्ट डबे भरले. क्लबातील एक दोस्त गाडी पूर्ण करायला तयार आहे. तो आला, त्याने पहिला डबा उचलला आणि वहिनींनी मला फोन केला, कारण प्रत्येक डब्यावर मराठीत चिठ्ठी आहे आणि अक्षर तर असे की वहिनींनाही निम्मे लागत नाही. मी जाऊन वाचले: ‘डावीकडून तिसरा. आटे गेलेत. जोर करू नये.’ डावीकडून तिसरा काय, ते मला ठाऊक नव्हते. त्या दोस्ताला ठाऊक होते, पण वाचता येत नव्हते. शेवटी नात मधे उभी राहिली. ती वाचू लागली, दोस्त भाग दाखवू लागला आणि मी खुर्ची आणून बसलो.

असे तीन शनिवार झाले, आणि चौथ्या शनिवारी घरात भांडण झाले. शनिवार हा गणिताच्या क्लासचा वार आहे. लेक म्हणाली, "बाबा, तिला भलत्या नादाला लावू नका." मी म्हणालो, "फक्त डबे संपेपर्यंत." त्यावर ती काही वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "हायस्कूलमध्ये मला वुडशॉप, सुतारकामाचा तास, घ्यायचं होतं. तुम्ही सही केली नव्हतीत." मला ते आठवत नाही. पत्नीला आठवते. मी तेव्हा काय म्हणालो होतो तेही तिला आठवते, आणि ते मी येथे सांगणार नाही.

वहिनी, तुमच्या परवानगीने एवढेच सांगून बसतो. चोवीस डबे वाचून झाले आहेत. चोविसावा नातीने घरी आणला, कारण त्यावरची चिठ्ठी वाचून त्या दोस्ताला सांगूनही काही उपयोग झाला नाही. आत तांब्याची एक वॉशर आणि बोटभर लांबीची वाकडी सळी आहे. चिठ्ठीवर लिहिले आहे: ‘हे कशाचे ते आठवत नाही. टाकू नये.’ तो डबा सध्या आमच्या स्वयंपाकघरात ओट्यावर आहे. येत्या शनिवारी क्लास की गॅरेज, हे घरात अजून ठरलेले नाही.