तळाला लागतं तेव्हा

आज १२ मे, जागतिक परिचारिका दिन. सकाळपासून तुम्हाला गुलाबाची फुलं मिळाली असतील आणि 'सेवेच्या मूर्ती' म्हणून भाषणंही ऐकून झाली असतील. मूर्तीला झोप येत नाही, तिचा ऑफ कोणी कापत नाही, म्हणून मला तो शब्द कधी आवडला नाही. आयोजकांनी विषय दिलाय बर्नआउट, म्हणजे कामाच्या ताणानं आतून रिकामं होत जाणं. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही. चौतीस वर्षं परिचारिका होते, त्यातली शेवटची अकरा इन-चार्ज सिस्टर म्हणून. तेव्हा बोलेन ते वॉर्डातलं. इथे बँकेतले, शाळेतले लोकही दिसतायत. त्यांनी 'पेशंट'च्या जागी आपापला शब्द घालून घ्यावा.

पुरुषांचा मेडिसिन वॉर्ड. कागदावर खाटा ३०, त्या रात्री पेशंट ४२, म्हणजे बारा जण खाली गाद्यांवर. आम्ही दोघी सिस्टर आणि एक मामा, म्हणजे वॉर्डबॉय. माझी सलग सहावी नाइट, कारण एकजण आजारी पडली आणि माझा ऑफ गेला. सकाळी सात वीसला चौदा नंबरचे आजोबा गेले. आठला ओव्हर द्यायचा होता, म्हणजे पुढच्या पाळीकडे वॉर्ड सोपवायचा होता. त्या क्षणी माझ्या मनात आलेलं पहिलं वाक्य मला अजून जसंच्या तसं आठवतं: 'चाळीस मिनिटं थांबले असते तर मॉर्निंगवालीनं केलं असतं.'

मग मी सगळं केलं. सलाईन काढली, कापूस, पट्ट्या, चादर, कागद. नोंदीत एक चूक नाही. त्यांची सून जिन्यात बसून रडत होती. मी तिच्यापुढे कागद धरला, बोटानं जागा दाखवली आणि म्हणाले, 'इथे सही.' ती सही करेपर्यंत मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

त्या दिवशी मला वाईट वाटलं नाही, हे मुद्दाम सांगते. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली म्हणून बरं वाटलं. पुढे दोनेक महिन्यांनी माझी मुलगी सहलीचा फॉर्म घेऊन आली, तर मी मान वर न करता म्हणाले, 'ठेवून द्या तिथे, बघते.' ती खो-खो हसली. 'आई, मला अहोजाहो?' तेव्हा मात्र पोटात गोळा आला.

आपण थकवा शोधत बसतो. 'मी दमलेय का?' असं स्वतःला विचारतो आणि 'दमायचंच की, काम आहे' म्हणून पुढे जातो. पण थकवा दोन दिवस झोपलं, माहेरी जाऊन आलं की उतरतो. हे उतरत नाही. आठ दिवस रजा काढून परत येता, वॉर्डाच्या दारातला फिनाइलचा वास येतो आणि आठही दिवस त्या पायरीवरच सांडतात. मराठीत याला काय म्हणावं, मी बरीच वर्षं शोधत होते. 'जळणं' नाही, जळताना निदान ज्वाळा दिसतात. हे दूध तळाला लागण्यासारखं आहे. वरून पांढरंशुभ्र, साय धरलेली. वास आधी दुसऱ्याला येतो.

'बर्नआउट' हा शब्द रूढ झाला तोही आपल्यासारख्याच जागी. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर नावाचे मानसशास्त्रज्ञ न्यूयॉर्कमध्ये दिवसा स्वतःची प्रॅक्टिस करत आणि संध्याकाळी व्यसनी मुलांसाठीच्या मोफत दवाखान्यात राबत. तिथले स्वयंसेवक, आणि ते स्वतःही, कसे आतून रिकामे होत गेले, ते त्यांनी १९७४ मध्ये लिहिलं. लक्षात घ्या, ही कामचुकार माणसं नव्हती, जीव ओतणारी होती. आपल्याकडे अजून उलटं समजतात. नव्या मुलीला हे झालं की म्हणतात, 'आजकालच्या पोरींना सहन होत नाही.'

पुढे क्रिस्टिना मास्लाक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी हे मोजायची प्रश्नावली केली, १९८१ मध्ये. त्यांनी तीन गोष्टी धरल्या. शक्ती संपणं, समोरच्याचा माणूसपणा दिसेनासा होणं आणि 'माझ्या हातून काही होत नाही' असं वाटणं. पहिली आणि तिसरी सगळ्यांना कळते. माझी नजर असते मधल्या गोष्टीवर, आणि ती बोलण्यातून कळते. नंबरानं बोलणं हा कामाचा भाग असतोच, ओव्हरमध्ये 'सातची शुगर' म्हणणारच आपण. पण सात नंबरच्या बाईंशी बोलतानाही तोंडात सातच आलं, नातेवाईक म्हणजे कटकट झाली, दुसऱ्याच्या दुःखावर चहाच्या वेळी जरा जास्तच विनोद सुचायला लागले, की समजावं. शाळेत 'मागच्या बाकावरची', बँकेत 'पेन्शनवाली गर्दी'. तोच प्रकार.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये याला आजार म्हटलं नाही. नोकरीशी निगडित स्थिती म्हटलं, नीट न हाताळल्या गेलेल्या कामाच्या ताणातून येणारी. मला हे फार आवडलं. म्हणजे बिघाड फक्त माझ्या डोक्यात शोधायचा नाही, ड्यूटी लिस्टमध्येही शोधायचा.

आम्हाला एकदा ताणमुक्तीचं शिबिर दिलं होतं. कधी, तर नाइट उतरल्यावर, सकाळी नऊ ते अकरा. हजेरी सक्तीची. डोळे मिटून दीर्घ श्वास घ्या म्हणाले. आम्ही डोळे मिटले आणि निम्म्या जणी तिथेच घोरायला लागल्या. श्वासाला माझा विरोध नाही. पण शिक्षण रुग्णालयाच्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असा इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष, आणि आम्ही बेचाळिसांना दोघी. ही वजाबाकी श्वासानं भरून निघत नाही.

इन-चार्ज झाल्यावर माणसं वाढवणं माझ्या हातात नव्हतं. लिस्ट होती. इव्हनिंग रात्री नऊला सुटते आणि दुसऱ्या दिवशी साडेसातला मॉर्निंग. मधे प्रवास, स्वयंपाक, डबा. झोप किती, तर पाच तास. ती जोडी मी बंद केली. लिस्ट तीन आठवडे आधी लावायला लागले, कारण ऑफ कधी आहे हे माहीत नसणं हाही एक ताणच असतो. आणि दिवाळीचे ऑफ चिठ्ठ्या टाकून. आधी ते मेट्रनच्या, म्हणजे मुख्य परिचारिकेच्या, मर्जीतल्या दोघींना जायचे आणि बाकीच्या वर्षभर धुमसायच्या. माणूस कामानं जितका करपतो तितकाच अन्यायानं करपतो, हे मी तिथे शिकले. पहिल्या वर्षी माझी चिठ्ठी आली नाही. लक्ष्मीपूजनाला मी नाइटला होते. पण वॉर्डात त्या वर्षी भांडण झालं नाही.

सुट्टी मागताना आपला आवाज अजून अपराध्यासारखा येतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतल्या गिरणी कामगारांना संघटित करून १८८४ मध्ये मागणी मांडली: आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती. रविवार मिळाला तो १० जून १८९० रोजी. सहा वर्षं लागली. आपल्याला तर रविवारही नाही, कुठलातरी वार मिळतो. निदान तो तरी 'तेवढं जरा ये ना' म्हटल्यावर देऊन टाकू नका. डबल ड्यूटीला तोंडानं नाही म्हणवत नसेल तर लिहून द्या, 'सलग अमुक तास झाले आहेत, औषधात चूक होऊ शकते.' 'चूक' हा शब्द कागदावर आला की वरची मंडळी वाचतात.

एक मात्र नीट ऐका. घरीही काही गोड लागत नाही, सणावारी नटावंसं वाटत नाही, पहाटे तीनला जाग येऊन छाती भरून येते, मरणाचे विचार येतात, तर त्याला बर्नआउट म्हणून बाजूला ठेवू नका. ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. हिमोग्लोबिन, थायरॉइड तपासा, मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. दुसऱ्यांना रोज दवाखान्यात पाठवणाऱ्या आपण स्वतः जायला लाजतो.

मी काय केलं? फार काही नाही. मेट्रनना भेटून वॉर्ड बदलून मागितला, सहा महिने लसीकरणात बसले. रडणारी पण धडधाकट बाळं. शिवाय एक सवय लावून घेतली. ओव्हर देताना नंबराच्या आधी नाव. चौदा नंबर नाही, अमुक आजोबा, चौदावर आहेत. त्यानं अर्धा मिनिट जास्त जातं, आणि सुरुवातीला घेणारी वैतागते.

बरं, प्रश्न असतील तर पुढच्या वेळी. पुढच्या ओळीतल्या चौघीजणी मघापासून घड्याळाकडे बघतायत, त्यांना उद्या साडेसातची मॉर्निंग आहे. उठा गं तुम्ही.