आधी माती, मग मोटर

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

आजच्या पत्रिकेत माझा विषय 'रेसिंग बग्गीच्या सस्पेन्शनची जुळवणी' असा छापला आहे, म्हणजे आपल्या रिमोटवर चालणाऱ्या छोट्या शर्यतीच्या गाड्यांचा, आणि त्याकडे मी येणारच आहे. परंतु त्याआधी एका गाऱ्हाण्याला वाट करून देतो, कारण इतके बग्गीवाले एका छताखाली पुन्हा कधी सापडतील याची मला खात्री नाही. आपल्यापैकी बहुतेकांची पहिली खरेदी मोटरची असते, दुसरी निळ्या अ‍ॅल्युमिनियमच्या भागांची, आणि टायर मात्र खोक्यातून निघाले तेच गुळगुळीत होईपर्यंत चालतात. हा क्रम नेमका उलटा हवा. जो भाग जमिनीला टेकतो त्यावर पहिला पैसा खर्च करावा, मग जमिनीचा धक्का जो पेलतो त्यावर, आणि मोटरीकडे सर्वांत शेवटी वळावे.

भर पावसात कांगा लीगचे क्रिकेट खेळणाऱ्या या मुंबईत खेळपट्टीला अंगठा लावून पाहिल्याशिवाय कोणी कर्णधार अकरा जण ठरवत नाही. आपण मात्र माती न पाहता घरूनच गाडी ठरवून निघतो. पाऊस सरताना मैदानाच्या कडेची लाल माती ओलसर असते, तेव्हा मऊ रबराचे, बारीक काट्यांचे टायर तिच्यात छान रुततात. जानेवारीपर्यंत त्याच मातीवर भुरभुरीत धूळ साचते आणि खालचा थर टणक होतो. मग विरळ, जरा उंच काटे लागतात, कारण धूळ बाजूला सारून त्यांना खालचा थर गाठायचा असतो. चाकाच्या हवेच्या भोकांतून आत गेलेले पाणी टायरच्या आतल्या स्पंजमध्ये मुरते आणि एक चाक दुसऱ्यापेक्षा जड होते, तेव्हा ओल्या मैदानावरून आल्यावर चाके उघड्या हवेत सुकवावीत. टूव्हीलड्राइव्हमध्ये, म्हणजे फक्त मागच्या दोन चाकांवर चालणाऱ्या गाडीत, मोटर कुठे बसवायची हेही मातीच सांगते. गालिच्यावर किंवा घट्ट, पकड देणाऱ्या मातीवर मोटर मध्यभागी असलेली गाडी चपळ ठरते. आपल्या धुळीत मात्र मोटर मागच्या धुरीच्या पलीकडे असली की वजन मागच्या चाकांवर येते आणि गाडी निदान जागची हलते.

आता अ‍ॅल्युमिनियम. माझ्या एका गोरेगावच्या स्नेह्यांनी पुढचे दोन्ही आर्म (चाकांना धरणारे दांडे), चाकाकडचे हब आणि शॉकचे, म्हणजे धक्का जिरवणाऱ्या तेलाच्या नळकांड्यांचे, टॉवर असे सगळेच निळे करून घेतले होते. ती गाडी इतकी देखणी झाली होती, की मैदानावर आणल्यावर ते आधी चटई अंथरत आणि मगच तिला खाली ठेवत. (हशा.) सरळ पट्ट्याच्या शेवटी वळण चुकून ती कडेच्या विटेवर आदळली. आम्ही धावत गेलो, तर आर्मवर साधा ओरखडासुद्धा नव्हता, आणि स्नेह्यांनी तो आम्हा प्रत्येकाला फिरवून दाखवला. त्यानंतर गाडी उलटी केली, तेव्हा आर्मची पिन धरणारा ठोकळा चॅसीतून आपल्या स्क्रूंसकट उपटून आलेला दिसला, स्क्रूंच्या आट्यांत चॅसीच्या प्लॅस्टिकचा भुगा अडकला होता आणि स्टीअरिंग फिरवणाऱ्या छोट्या मोटरीतल्या, म्हणजे सर्व्होतल्या, गिअरचे दात गेले होते. धक्का कुठेतरी जिरावाच लागतो. प्लॅस्टिकचा आर्म वाकून किंवा तुटून तो स्वतःवर घेतो आणि एक पिन, दोन स्क्रू काढून मैदानावरच बदलता येतो. ताठ आर्म तो पुढे ढकलतो, आणि पुढे जे असते ते नेहमी महाग असते. शिवाय चाकाकडचे वजन वाढले की खड्डा आल्यावर चाक मातीला चिकटून राहत नाही. १९८४ साली आलेल्या असोसिएटेड कंपनीच्या आरसी-१० बग्गीची चॅसी अ‍ॅल्युमिनियमचीच होती, हा आक्षेप मला इथे नेहमी ऐकवला जातो. त्या बग्गीचे आर्म मात्र नायलॉनचे होते, हे आक्षेप घेणारे सांगत नाहीत.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे. सात मिनिटे उरली आहेत, असे तिच्यावर लिहिले आहे, म्हणजे छापील विषयाला हात घालायलाच हवा.

बॅटरी बसवून गाडी सपाट फळीवर वीतभर उंचीवरून सोडावी आणि ती स्थिरावल्यावर चॅसीखालची उंची मोजावी. १/१० आकाराच्या बग्गीत ती साधारण २० ते २५ मिलिमीटर असते. खडबडीत मैदानावर वरच्या टोकाकडे, सपाटीवर खालच्या टोकाकडे ठेवावी. शॉकमध्ये तेल भरल्यावर पिस्टन सावकाश वरखाली करून सगळे बुडबुडे निघेपर्यंत थांबावे, आणि डाव्या-उजव्या शॉकची लांबी मोजून सारखी करावी, कारण इथे एका मिलिमीटरचा फरक राहिला तर गाडी एका बाजूला बरी वळते आणि दुसऱ्या बाजूला रुसते. उकाड्यात तेल पातळ होते, म्हणून मे महिन्यात एक पायरी दाट तेल घालावे. उडीनंतर पोट आपटत असेल तर आधी तेल किंवा पिस्टन बदलावा. स्प्रिंग त्यानंतर पाहावी. कॅम्बर, म्हणजे चाकाचा माथा आत झुकण्याचा कोन, उणे एक ते दोन अंशांपासून सुरू करावा, मागच्या चाकांची पुढची कड सुमारे तीन अंश आत वळलेली असावी आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून दोन फेऱ्या मारून पाहाव्यात.

किटमध्ये फिरत्या दांड्यांना आधार देणारे प्लॅस्टिकचे बुश आले असतील तर तिथे बॉल-बेअरिंग घालावीत, हा एक खर्च मी डोळे मिटून करायला सांगेन. पावसाळ्यात मात्र ती प्रत्येक वेळी पुसून हलके तेल द्यावे, नाहीतर या दमट हवेत ती गंजतात.

मोटरीबद्दल एकच सांगतो. तारेच्या कमी वेढ्यांची, म्हणजे जास्त वेगाची, मोटर घातल्यावर जुनाच पिनियन, म्हणजे मोटरच्या दांड्यावरचा लहान गिअर, ठेवू नका. आधी दोन-तीन दात कमी असलेला लावा, पिनियन आणि त्याला भिडणारा मोठा स्पर गिअर यांच्यामध्ये वहीच्या कागदाची पट्टी धरून मोटर आवळा, पट्टी फिरवून काढा, आणि पाच मिनिटे चालवून मोटरला बोट लावून पाहा. बोट ठेववत नसेल तर पिनियन आणखी लहान हवा. वळताना डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारे डिफरन्शियल राहिलेच, त्याविषयी प्रश्नोत्तरांत विचारा.