उसाच्या ट्रॉलीचे मागचे दिवे : बिघाड कुठे आणि कसा शोधायचा

नमस्कार श्रोतेहो. उसाचा हंगाम सुरू झाला, की कोल्हापूर-सांगलीपासून सोलापूर-अहिल्यानगरपर्यंत रस्त्यांवर रात्रभर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची ये-जा असते. ट्रॅक्टरचे पुढचे दिवे सहसा चालू असतात, कारण त्यांच्याशिवाय चालकालाच रस्ता दिसत नाही. बंद असतात ते ट्रॉलीचे मागचे. मागून मोटरसायकलवर येणाऱ्याला अशी ट्रॉली अगदी जवळ आल्यावरच दिसते, आणि तेव्हा ब्रेक मारायलाही वेळ उरत नाही. म्हणून हे दिवे का बंद पडतात आणि बिघाड घरच्या घरी कसा शोधायचा, ते आज सांगतो.

हत्यार एकच लागतं, तेही घरी बनतं. १२ व्होल्ट, २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब होल्डरसकट घ्या. त्याला दोन-दोन मीटरच्या दोन वायरी जोडा आणि एका वायरीच्या टोकाला चिमटा लावा. व्होल्ट मोजायचा मीटर (मल्टिमीटर) असला तरी हा बल्बच वापरा. वायरीच्या बारापैकी अकरा तारा तुटून एकच शिल्लक असली, तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण तो करंट जवळजवळ ओढतच नाही. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो. वायर कच्ची असेल तर तो मिणमिणतो आणि खोड लगेच कळते.

आता पहिलं काम म्हणजे ट्रॉलीचा प्लग काढा. बिघाड ट्रॅक्टरमध्ये आहे की ट्रॉलीत, हे आधी ठरवायचं. ते न ठरवता मागचे दिवे खोलत बसलात तर संध्याकाळ त्यातच जाते. ट्रॅक्टरच्या मागच्या गोल सॉकेटमध्ये सात घरं असतात आणि प्रत्येकाचा नंबर तिथेच कोरलेला असतो. १ म्हणजे डावा इंडिकेटर, ४ म्हणजे उजवा. ५ उजवा टेल लाइट, ७ डावा. ६ ब्रेक लाइट. ३ नंबर अर्थिंग, म्हणजे करंटची बॅटरीकडे परत जायची वाट. २ नंबर मागच्या फॉग लाइटसाठी असतो आणि आपल्याकडे बहुधा रिकामाच राहतो. वायरींच्या रंगावर मात्र विसंबू नका. गावातल्या गॅरेजमध्ये हाताशी असेल त्या रंगाची वायर जोडलेली असते. नंबरच पाहा.

चिमटा ट्रॅक्टरच्या चेसिसला, म्हणजे लोखंडी सांगाड्याला, रंग खरवडलेल्या जागी लावा. चावी ऑन करा, पार्किंग लाइट लावा आणि दुसरं टोक ५ आणि ७ मध्ये धरा. मग कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगून ६ तपासा, इंडिकेटर लावून १ आणि ४ तपासा. सगळीकडे बल्ब लख्ख लागला, की चिमटा चेसिसवरून काढून ३ नंबरला जोडा आणि हेच पुन्हा करा. आता लागत नसेल, तर ट्रॅक्टरच्या बाजूचं अर्थिंग तुटलंय. फक्त ६ नंबर मेला असेल तर आधी ब्रेकचा स्विच बघा. त्याच्या दोन्ही वायरी क्षणभर एकमेकींना जोडा. दिवा लागला तर स्विच बदला.

ट्रॅक्टर ठीक निघाला तर बिघाड ट्रॉलीत. आणि ट्रॉलीत पहिला संशय अर्थिंगवर घ्या. त्याची लक्षणं ठळक असतात: डावा इंडिकेटर लावला की टेल लाइटही लुकलुकतो, ब्रेक दाबला की बाकीचे दिवे मंद होतात, किंवा सगळेच अर्धवट जळतात. करंटला परत जायला वाट मिळाली नाही, की तो दुसऱ्या दिव्याच्या फिलामेंटमधून वाट काढतो. बरेच जण अर्थिंगची वायरच टाकत नाहीत, हुक आणि पिनेतून ते मिळेल असं धरून चालतात. हुकावर ग्रीस, गंज, चिखल. ट्रॉली हिसका देते तेवढ्यापुरतं अर्थिंग मिळतं आणि पुन्हा जातं. खात्री करायची असेल तर एक लांब वायर बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट दिव्याच्या पत्र्याला लावा. दिवा नीट लागला तर दोष सापडला.

इलाज स्वस्त आहे. ३ नंबरपासून अडीच चौरस मिलिमीटरची वायर ट्रॉलीच्या चेसिसपर्यंत न्या. तिथे पॉलिश पेपरने लोखंड चकचकीत होईपर्यंत घासा, वायरीला गोल थिंबल (टोकाला बसवायची धातूची कडी) दाबा, दातेरी वॉशर घालून नटबोल्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन चोपडा. त्याहून उत्तम म्हणजे हीच वायर प्रत्येक दिव्यापर्यंत पोचवा.

दोन ट्रॉल्या जोडत असाल तर वायरीच्या जाडीकडे लक्ष द्या. मागच्या ट्रॉलीपर्यंत १५ मीटर अंतर धरलं, तर जायची-यायची मिळून ३० मीटर तार झाली. मागच्या ट्रॉलीचे दोन ब्रेक लाइट साडेतीन अँपिअर ओढतात. एक चौरस मिलिमीटरच्या तारेत त्यासाठी सुमारे १.८ व्होल्ट वाटेतच खर्च होतात आणि उजेड जवळजवळ निम्म्यावर येतो. अडीचची तार घातली तर फक्त पाऊण व्होल्ट जातो.

दिवा मंद असण्याचं आणखी एक कारण सहज नजरेतून सुटतं. दुकानातून ट्रकचा २४ व्होल्टचा बल्ब आणलेला असतो. ट्रॅक्टरच्या १२ व्होल्टवर तो नुसता लालसर धुमसतो. बल्बच्या टोपीवरचा आकडा वाचा. टेल आणि ब्रेक एकत्र असलेला २१/५ वॅटचा बल्ब बसवताना त्याच्या दोन खुंट्या वर-खाली असतात, तेव्हा जोर लावून उलटा बसवू नका. बसवलात तर ब्रेकचा झोत कायम लागून राहील आणि ब्रेक दाबल्यावर उजेड वाढणारच नाही.

प्लगच्या पितळी पिनांवर हिरवट थर आला असेल तर घासून काढा, आणि चिरेतून बारीक पेचकस घालून त्या किंचित फाकवा, म्हणजे घट्ट बसतील. आतले स्क्रूही हादऱ्याने सैल होतात.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर त्याच्या जागी तार घालू नका. वायरिंग पेटू शकतं. फ्यूज काढून तिथे आपला २१ वॅटचा बल्ब जोडा. प्लग लावल्यावर तो लख्ख पेटला आणि ट्रॉलीचे दिवे विझलेलेच राहिले, तर कुठेतरी शॉर्ट आहे. मग वायर हाताने हलवत मागे सरका. ज्या जागी बल्ब एकदम मंदावतो, तिथेच वायर सोललेली असते. हुकाजवळ, पाट्याच्या धारेखाली आणि चाकाच्या वर आधी बघा. नव्या वायरीवर पाइप चढवा, हुकाजवळ वळणापुरता सैल वेढा ठेवा, पण तो जमिनीला किंवा उसाला अडकता कामा नये.

आणि दिवे तपासायचे ते भरलेल्या ट्रॉलीचे. रिकामी असताना दिसणारा दिवा, ऊस भरल्यावर लोंबणाऱ्या वाढ्यांखाली झाकला जातो. वाढे छाटा किंवा दिवा खाली घ्या. पन्नास पावलं मागे जाऊन ब्रेक आणि दोन्ही इंडिकेटर स्वतः बघा. शिवाय मागे लाल, बाजूला पिवळी आणि पुढे पांढरी चमकणारी पट्टी लावा, दर खेपेला फडक्याने पुसा. वाटेत बल्ब गेलाच, तर मागच्या गाडीच्या उजेडात निदान ती पट्टी दिसेल.