पुरावा काय, कॅडेट? : एअर विंगच्या वर्गातील विमानांचा इतिहास

(दृश्य : शाळेचे पटांगण. परेड संपली आहे, कॅडेट रांगेने वर्गाकडे निघाले आहेत.)

राष्ट्रीय छात्रसेना, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली एनसीसी, १९४८ च्या कायद्याने अस्तित्वात आली आणि तिची हवाई शाखा १ एप्रिल १९५० रोजी मुंबई व कलकत्ता येथे प्रत्येकी एका एअर स्क्वाड्रनने सुरू झाली. आज मुंबई, पुणे आणि नागपूर येथील एअर स्क्वाड्रनशी जोडलेल्या शाळांमध्ये आठवी-नववीच्या वयाची मुले-मुली ड्रिल करतात, उड्डाणाची मूलतत्त्वे शिकतात, छायाचित्रावरून विमान ओळखायला शिकतात, एरोमॉडेलिंग, म्हणजे विमानांच्या छोट्या प्रतिकृती तयार करणे, शिकतात आणि दोन वर्षांनी ‘ए’ सर्टिफिकेटच्या परीक्षेला बसतात. या सगळ्यात विमानांच्या इतिहासाच्या वाट्याला थोड्याच तासिका येतात आणि त्या बहुतेक वेळा ‘पहिला वैमानिक कोण, पहिले विमान कोणते, हवाई दल दिन कधी’ एवढ्यावर आटोपल्या जातात. परीक्षेपुरते ते ठीक आहे. मात्र एखाद्या एएनओ (शाळेत एनसीसी सांभाळणारे शिक्षक-अधिकारी) सरांनी किंवा मॅडमनी मनावर घेतले, तर याच तासिकांत कॅडेटला एक फार उपयोगाची सवय लागू शकते, ती म्हणजे कोणतीही नोंद स्वीकारण्यापूर्वी तिचा आधार विचारण्याची.

(दृश्य : फळ्यावर दोन तारखा, ८ ऑक्टोबर १९३२ आणि १५ ऑक्टोबर १९३२.)

या दोन तारखांमध्ये एकाच आठवड्याचे अंतर आहे. पहिल्या तारखेला भारतीय हवाई दल कायद्याने स्थापन झाले, तर दुसऱ्या तारखेला जे. आर. डी. टाटा कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून टपालाच्या पिशव्या घेऊन पुस मॉथ विमानाने निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईला, जुहूला उतरले. त्यानंतर साडेपाच महिन्यांनी, १ एप्रिल १९३३ रोजी, त्याच ड्रिघ रोडवर हवाई दलाची पहिली तुकडी उभी राहिली. तिच्याजवळ चार वापिती विमाने होती आणि इंग्लंडमधील क्रॅनवेल येथे शिकून आलेले पाच भारतीय वैमानिक होते; त्यांपैकी सुब्रोतो मुखर्जी पुढे हवाई दलाचे प्रमुख झाले. कॅडेट ही नावे पाठ करतात. त्यांच्याबरोबरच्या एकोणीस हवाई शिपायांविषयी मात्र सहसा कोणी विचारत नाही. इंजिन खोलणारे, कापडी पंखांना ठिगळ लावणारे, विमान उडण्याजोगे ठेवणारे हात त्यांचे होते.

वापिती हे उघड्या कॉकपिटचे, दुपंखी विमान होते आणि त्याचे मुख्य काम लष्कराला साहाय्य करण्याचे होते. वायव्य सरहद्दीच्या डोंगराळ मुलखात जमिनीवरच्या तुकडीला वैमानिकाशी बोलायचे असे, तेव्हा दोन खांब रोवून त्यांच्यामध्ये दोरी ताणली जाई व त्या दोरीला चिठ्ठीची थैली बांधली जाई. विमान खाली येई, त्याच्या पोटाखालचा आकडा दोरीला अडके आणि थैली वर जाई. वर्गात हा प्रसंग नुसता सांगण्याऐवजी दोन बाकांमध्ये सुतळी ताणून, तारेचा आकडा लावलेले मॉडेल हातात धरून मुलांकडूनच करवून घेतला, की विमान किती हळू आणि किती खाली आणावे लागत असेल, त्या वेळी जमिनीवरून गोळी आली तर काय होत असेल, हे प्रश्न मुले आपण होऊन विचारू लागतात. वैमानिकाचे धैर्य मग पोवाड्याच्या आवाजात सांगावे लागत नाही.

(दृश्य : एका जुन्या तारेच्या मजकुराचा मोठा केलेला छाप.)

१७ डिसेंबर १९०३ रोजी अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील किटी हॉकजवळच्या वाळूत राइट बंधूंनी चार उड्डाणे केली. पहिले १२ सेकंदांचे व १२० फुटांचे होते, तर शेवटचे ५९ सेकंदांचे व ८५२ फुटांचे. त्याच दिवशी त्यांनी वडिलांना पाठवलेल्या तारेत मात्र ५७ सेकंद असे छापून आले आणि दोघांपैकी ऑर्व्हिल यांच्या नावाचे स्पेलिंगही चुकले. मग खरे कोणते? ऑर्व्हिल यांच्या रोजनिशीत ५९ सेकंद आहेत. तार अनेक हातांतून जाते, रोजनिशी एकाच्या हातची असते. उड्डाण पाहणारी पाच माणसे हजर होती आणि त्यांपैकी जॉन डॅनियल्स यांनी कॅमेऱ्याचा रबरी फुगा दाबून पहिल्या उड्डाणाचे छायाचित्र घेतले. एका नोंदीत चूक सापडली म्हणून घटना खोटी ठरत नाही, कारण बाकीच्या नोंदी एकमेकींना धरून आहेत. चौदा वर्षांच्या मुलाला ही गोष्ट समजते, आणि ती समजली की पुढचा, थोडा अवघड विषय त्याच्यासमोर ठेवता येतो.

तो विषय शिवकर बापूजी तळपदे यांचा आहे. महाराष्ट्रात हा प्रश्न कोणत्याही वर्गात हमखास येतो, कारण १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर तळपदे यांनी विमान उडवले, ही कथा मुलांनी घरी ऐकलेली असते. शिक्षकाने ती हसण्यावारी नेऊ नये आणि अभिमानाच्या भरात मान्यही करू नये. राइट बंधूंना जे विचारले, तेच इथे विचारावे. रोजनिशी आहे काय? त्या दिवसाचे छायाचित्र, यंत्राचा आराखडा, हजर असलेल्या माणसाने त्याच वेळी लिहून ठेवलेली हकिगत आहे काय? इंजिन किती शक्तीचे होते व त्याचे वजन किती होते? तपासून पाहता येईल असा त्या काळचा पुरावा अभ्यासकांसमोर आलेला नाही आणि उड्डाणाची वर्णने बऱ्याच नंतरची आहेत. या कथेशी अनेकदा जोडल्या जाणाऱ्या ‘वैमानिकशास्त्र’ या ग्रंथाची बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली तपासणी केली, तेव्हा तो प्राचीन नसून विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे आणि त्यातील विमाने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तळपदे यांना विमानविद्येची ओढ होती, हे मानायला कोणाचीच हरकत नाही. पण ओढ असणे आणि उड्डाण करणे यांतले अंतर कॅडेटने ओळखले पाहिजे. उद्या तो गणवेशात अहवाल लिहील, तेव्हा ‘ऐकले’ आणि ‘पाहिले’ हे दोन वेगळे रकाने आहेत, हे त्याला ठाऊक असावे.

(दृश्य : एरोमॉडेलिंगचे टेबल. बाल्सा लाकडाचे पातळ तुकडे, सॅंडपेपर, गोंद.)

इतिहासाचा तास या टेबलाशेजारी घ्यावा, असे आमचे मत आहे. बाल्साचे ग्लायडर पहिल्यांदा फेकले की बहुधा नाक वर करते, क्षणभर थबकते आणि शेपटीवर कोसळते. नाकाला मातीचा लहानसा गोळा लावावा, पुन्हा फेकावे, गोळा कमी-जास्त करावा. पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण एक-तृतीयांश अंतरावर तोल साधला की ग्लायडर वर्गाच्या टोकापर्यंत सरळ जाते. याच टेबलावर डॉ. विष्णू माधव घाटगे यांचे नाव घेता येते. जर्मनीत गटिंगन येथे ल्युडविग प्रांटल यांच्या हाताखाली वायुगतिकी शिकून आलेल्या या मराठी अभियंत्याने, सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४० साली बंगळूरला स्थापन केलेल्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये काम करताना आधी ग्लायडरच रचले होते. पुढे त्यांच्या रचनेचे एचटी-२ हे प्रशिक्षण विमान ऑगस्ट १९५१ मध्ये आकाशात गेले आणि भारतीय वैमानिकांच्या अनेक तुकड्या त्यावर उड्डाण शिकल्या.

तिथून ‘मरुत’कडे वळणे सोपे जाते. दुसऱ्या महायुद्धातील फोके-वुल्फ १९० चे रचनाकार कुर्ट टांक यांनी भारतात येऊन आखलेले हे लढाऊ विमान १७ जून १९६१ रोजी प्रथम उडाले. त्याची बांधणी आवाजापेक्षा अधिक वेगासाठी होती, पण ज्या इंजिनावर सगळी आखणी बेतली होती ते इंजिन मिळालेच नाही आणि कमी शक्तीच्या ऑर्फियस इंजिनावर भागवावे लागले. दीडशेच्या आसपास मरुत बांधली गेली आणि १९७१ च्या युद्धात ती राजस्थानच्या आघाडीवर लढलीही, मात्र ठरवलेला वेग त्यांना कधी गाठता आला नाही. विमान उत्तम आणि इंजिन उसने, ही आपल्या विमाननिर्मितीची जुनी दुखरी नस आहे आणि ती कॅडेटपासून लपवण्याचे काही कारण नाही.

(दृश्य : बंगालच्या सीमेचा नकाशा. बोयरा या गावावर खूण.)

युद्धाचा इतिहास शिकवताना शिक्षकाची खरी कसोटी लागते. २२ नोव्हेंबर १९७१ रोजी, म्हणजे युद्ध उघडपणे सुरू होण्याच्या अकरा दिवस आधी, बोयराच्या आकाशात भारताच्या चार नॅट विमानांनी पाकिस्तानी सेबर विमानांना गाठले. चकमक काही मिनिटांचीच झाली. भारतीय बाजूने तीन सेबर पाडल्याचे जाहीर झाले. दोन पाकिस्तानी वैमानिक पॅराशूटने उतरून पकडले गेले, आणि त्यांपैकी परवेझ मेहदी कुरेशी पुढे पाकिस्तानच्या हवाई दलाचे प्रमुख झाले. तिसरे सेबर जखमी अवस्थेत ढाक्याला परतले, अशी पाकिस्तानी बाजूची नोंद आहे. ही दुसरी बाजू वर्गात मांडल्याने भारतीय वैमानिकांचे कर्तृत्व तसूभरही कमी होत नाही. ताशी शेकडो किलोमीटर वेगाने वळणाऱ्या विमानातून, धूर सोडत ढगाखाली गेलेले शत्रूचे विमान पडले की निसटले, हे कोणत्याही वैमानिकाला खात्रीने सांगता येत नाही. म्हणूनच हवाई दले गन-कॅमेऱ्याची फीत तपासतात आणि अवशेष शोधतात. आपल्या बाजूचा आकडा तपासायला शिकलेला कॅडेट शत्रूच्या आकड्यालाही सहज फसत नाही.

मुलांना सर्वांत अधिक धरून ठेवणारी हकिगत मात्र जमिनीवरची आहे. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर यांचे सुखोई-७ विमान १० डिसेंबर १९७१ रोजी पाडले गेले आणि ते रावळपिंडीच्या छावणीत युद्धकैदी झाले. युद्ध थांबून आठ महिने लोटले तरी सुटका होईना, तेव्हा त्यांनी मालविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या सोबत्यांसह कोठडीची भिंत आतून पोखरली आणि ऑगस्ट १९७२ मधील एका रात्री तिघे बाहेर पडले. बसने पेशावर गाठून ते खैबर खिंडीच्या दिशेने निघाले आणि लंडी कोतलपर्यंत पोहोचले. अफगाण सरहद्द तिथून अगदी जवळ होती. जुन्या नकाशात रेल्वेमार्गाचे शेवटचे स्टेशन लंडी खाना असे दाखवलेले असल्याने त्यांनी तिथे जाण्याचा रस्ता विचारला. ते स्टेशन १९३२ मध्येच बंद झाले होते. चाळीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या स्टेशनाची वाट विचारणारे हे तरुण कोण, असा संशय स्थानिकांना आला आणि तिघे पकडले गेले. १ डिसेंबर १९७२ रोजी इतर कैद्यांबरोबर ते भारतात परतले.

ही हकिगत सांगून झाल्यावर लगेच ‘यातून काय शिकलात’ असे विचारण्याचा मोह शिक्षकाने आवरावा. त्याऐवजी नकाशाच्या कोपऱ्यात छापलेले वर्ष शोधायला सांगावे. ज्या मुलांनी हे एकदा केले, ती पुढच्या नकाशावर पहिली नजर त्याच कोपऱ्याकडे टाकतात.

(दृश्य : एका शहराच्या चौकात चौथऱ्यावर उभे केलेले निवृत्त लढाऊ विमान. भोवती रहदारी.)

वर्गाबाहेर साधनांची वानवा नाही. अनेक गावांच्या चौकांत आणि शाळा-महाविद्यालयांच्या आवारात अशी विमाने उभी आहेत. कॅडेटांनी शेपटीवरचा क्रमांक उतरवून घ्यावा, विमानाचा प्रकार ओळखावा, ते कोणत्या स्क्वाड्रनमध्ये होते याचा माग काढावा. नव्या रंगकामात मूळ क्रमांक पुष्कळदा पुसला जातो किंवा चुकीचा रंगवला जातो, तेव्हा जे मिळाले नाही तेही वहीत नोंदवावे.

नाशिकजवळच्या ओझर येथे १९६४ पासून उभ्या राहिलेल्या कारखान्यात मिग-२१ ची बांधणी झाली. सहा दशकांहून अधिक काळ सेवेत राहिलेले हे विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे निवृत्त झाले आणि निरोपाच्या बातम्यांत स्वाभाविकपणे वैमानिकच अधिक बोलले. ते विमान जुळवणारे, त्याची इंजिने उतरवणारे-चढवणारे शेकडो कामगार व तंत्रज्ञ आज निवृत्तीनंतर नाशिक परिसरात राहतात. तिथल्या कॅडेटांनी परवानगी घेऊन, ध्वनिमुद्रणाची सोय करून, या आजोबांना भेटावे. इंजिन बदलायला किती वेळ लागे, रशियन भाषेतील पुस्तिका कशा वाचल्या जात, कोणते हत्यार हाताशी नसले की काम अडे, असे नेमके प्रश्न आधी लिहून न्यावेत आणि उत्तराखाली सांगणाऱ्याचे नाव, हुद्दा व भेटीची तारीख लिहावी.